मॅट्रिकच्या ग्रुप फोटोतली चांदी

मॅट्रिकच्या बॅचचा जुना ग्रुप फोटो डोळ्यासमोर आणा, मधे खुर्च्यांवर हेडमास्तर आणि सर लोक, मागे बाकावर उभी पोरं, पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेली, खाली पुठ्ठ्यावर सगळ्यांची नावं. नागपुरातल्या महाल, सीताबर्डीकडच्या एखाद्या घरातून असा फोटो इतिहासाच्या संग्रहात येतो तेव्हा देणारा हमखास म्हणतो, जुना झाला नं, म्हणून पिवळा पडला. पण नुसत्या वयानं फोटो पिवळा होत नाही, त्याची कारणं बहुतेक वेळा हुडकता येतात.

त्या फोटोतला काळा रंग म्हणजे खरीखुरी चांदी आहे. कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो, त्यात चांदीचे क्षार, उजेड लागलेल्या क्षारांची डेव्हलपर नावाच्या द्रावणात चांदी होते आणि तिचे कण इतके बारीक, गुंतलेले असतात की ते उजेड गिळतात, म्हणून चमकण्याऐवजी काळे दिसतात. उरलेले क्षार काढायला फोटो हायपो नावाच्या रसायनात बुडवायचा आणि मग वाहत्या पाण्यात भरपूर धुवायचा. इथंच घाई व्हायची. पाणी कमी पडलं की हायपोतलं गंधक कागदात राहतं, वर्षानुवर्षं चांदीला हळूहळू खातं आणि तिचं पिवळट तपकिरी सल्फाइड होतं. चेहऱ्यावरच्या हलक्या छटांत चांदी मुळातच कमी, त्यामुळे नाकडोळे आधी पुसट होतात आणि काळे कोट मात्र ठणठणीत राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

कडेला निळसर आरशासारखी चकाकी दिसते ती वेगळी. दमट हवेत चांदी विरघळते, सरकत थराच्या वर येते आणि तिथं पुन्हा चांदी होऊन बसते.

आता आपलं नागपूर बघा. मे महिन्यात पारा 45 च्या वर, हवा ठणठणीत कोरडी, मग दुपारी कूलर लावला की खोलीभर ओल, त्यानंतर जुलैचा पाऊस. जिलेटिन ओलीनं फुगतं, कोरडं झालं की आक्रसतं, खालचा कागद तेवढा हलत नाही, मग फोटो वाकतो, थराला चिरा जातात. कूलरच्या झोतासमोरची भिंत फोटोसाठी सगळ्यात वाईट जागा, आणि गच्चीखालची तापणारी खोली पण तशीच.

फ्रेममध्ये फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका प्लीज, थर काचेवरच राहील, तसाच काचेसकट स्कॅन करा. रबरबँड लावू नका, त्यात गंधक असतं. खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवलेला असेल तर कसर लागलीय का बघा, तिला खळही आवडते नि जिलेटिनही. घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या खोलीतलं कपाट बरं. आणि ज्यांना चेहरे ओळखू येतात ती आजी-आजोबा मंडळी आहेत तोवर नावं विचारून घ्या, पण फोटोच्या मागे बॉलपेननं दाबून लिहू नका, पुढे चेहऱ्यावर उठतं. नावं आधी कागदी पाकिटावर लिहायची, मग फोटो आत घालायचा.