एसएमएसची काटछाट आणि हहपुवा

मराठी संकेतस्थळांवर एक भांडण अधूनमधून हमखास उगवतं. कोणी नवा सदस्य रोमन लिपीत, स्वर गाळून, घाईघाईने प्रश्न टाकतो. जुनी मंडळी लगेच तुटून पडतात, "ही एसएमएसची भाषा इथे नको, नीट मराठीत लिहा." नवा बिचारा हिरमुसतो, चार धागे, म्हणजे तिथल्या चर्चा, वाचून येतो आणि तावातावाने विचारतो, "मग तुमचं हहपुवा, पुलेशु, वाखुसा कसं काय चालतं? ती कुठली शुद्ध मराठी?" त्यावर धड उत्तर सहसा येत नाही. कोणीतरी नुसतं 'हहपुवा' (हसून हसून पुरेवाट) लिहितं आणि धागा भरकटतो. बाकीच्या दोन पुड्या पुढे उघडतोच, तूर्त इतकंच की ती अख्ख्या वाक्यांची लघुरूपं आहेत.

प्रश्न मात्र रास्त आहे. दोन्हीकडे अक्षरं कमी केलेली दिसतात, दोन्ही पडद्यावरच भेटतात, त्यामुळे सगळं एकाच पोत्यात भरून वर 'एसएमएसची भाषा' अशी चिठ्ठी लावणं सोपं जातं. माझ्या मते या दोन गोष्टींचं कूळ वेगळं, काम वेगळं आणि वाचणाऱ्याला होणारा त्रासही वेगळा.

आधी एसएमएस. त्याची १६० अक्षरांची मर्यादा फ्रीडहेल्म हिलेब्रांट या जर्मन अभियंत्याच्या नावावर आहे. १९८५ मध्ये बॉनमधल्या आपल्या घरी टाइपरायटरवर तो सुचतील ती वाक्यं टंकत बसला आणि प्रत्येकातली अक्षरं मोजत गेला. जवळजवळ सगळी वाक्यं १६० च्या आत बसली, आणि तोच आकडा ठरला. एका निरोपाला जागा मिळाली १४० बाइट, त्यात रोमन अक्षरं १६० मावतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागतात, म्हणून आपल्या वाट्याला उरतात फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं सुटं मोजलं जातं. 'स्त्री' हे डोळ्यांना एकच अक्षर, पण हिशेबात सहा: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. ७० पैकी सहा एका फटक्यात गेले! मराठी माणूस एसएमएसमध्ये रोमन लिपीकडे वळला त्याला हेही एक कारण. शिवाय त्या काळच्या कित्येक हँडसेटना देवनागरी येतच नव्हती.

आणि मग स्वर गळू लागले. 'नाही'चं झालं एन-एच-आय, 'काय'चं के-वाय, आणि 'मला'चं एम-एल-ए. शेवटचं वाचताना मी आजही अडखळतो. "एमएलए उद्या पाहिजे" असा निरोप आला की डोळ्यांसमोर आधी आमदार उभा राहतो.

ही काटछाट बोटांचे कष्ट वाचवण्यासाठी होती, असं सगळे सांगतात. जुन्या बारा बटणांच्या फोनवर हा हिशेब मांडून बघा. तिथे एकेका बटणावर तीन-चार अक्षरं असत आणि हवं ते अक्षर येईपर्यंत बटण दाबत राहावं लागे. 'मला' रोमनमध्ये पूर्ण लिहायचं तर एम एकदा, ए एकदा, एल तीनदा, पुन्हा ए एकदा, म्हणजे सहा वेळा बटण दाबायचं. मधला ए गाळला की पाच वेळा. वाचलं काय, तर एक दाबणं. ए हे सगळ्यात स्वस्त अक्षर, दोनच्या बटणावर पहिलंच बसलेलं, आणि आपण नेमकं तेच गाळत होतो. इंग्रजीतला नमुना तर आणखी गमतीचा आहे. 'लेटर', म्हणजे 'नंतर', हा शब्द पूर्ण लिहायला दहा दाबणी लागतात. त्याचं प्रसिद्ध लघुरूप म्हणजे एल, आठचा आकडा आणि आर. एलला तीन, आठ हा टी-यू-व्हीच्या मागे चौथा म्हणून चार, आरला तीन. पुन्हा दहाच! आठचं बटण दाबून धरलं तर थोडी सूट मिळायची, एवढंच. म्हणजे जागा वाचली, बोटं फारशी वाचलीच नाहीत. बचत हा बराचसा बहाणा होता आणि उरलेली फॅशन, असं माझं मत झालंय. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला नील पापवर्थने पाठवला, तो होता 'मेरी ख्रिसमस'. पूर्ण स्पेलिंगसह. अर्थात तो त्याने संगणकावर टंकला होता.

आता दुसरं कूळ. 'लोल' (लाफिंग आउट लाउड, म्हणजे मोठ्याने हसतोय) हे एसएमएसचं अपत्य आहे असं बहुतेकांना वाटतं. पण १९८९ च्या मे महिन्यात फिडोनेट या संगणक-जाळ्याच्या वार्तापत्रात जी लघुरूपांची यादी छापली होती, तिच्यात ते आहे. म्हणजे पहिल्या एसएमएसच्या तीन वर्षं आधी. त्या लोकांपुढे पूर्ण कळफलक होता, बारा बटणांची अडचण नव्हती, १६० ची भिंतही नव्हती. 'ओएमजी' तर १९१७ चं आहे. ब्रिटिश नौदलातले लॉर्ड फिशर यांनी विन्स्टन चर्चिलना लिहिलेल्या पत्रात ते सापडतं, आणि पुढे कंसात 'ओह माय गॉड' असा त्याचा अर्थही दिलेला आहे. (कंसात अर्थ द्यावा लागला, म्हणजे चर्चिलना ते कळेल अशी खात्री नसावी.)

जागेची टंचाई नव्हती, तर मग छोटं कशाला केलं? कारण तेच वाक्य पुन्हा पुन्हा लिहावं लागत होतं. चर्चेच्या जागी काही वाक्यं रोजची असतात: हसू आलं, माझ्या माहितीप्रमाणे, चूक असेल तर सांगा, पुढचा भाग लवकर टाका. शंभराव्यांदा लिहिताना माणूस त्याची पुडी बांधतो. ते वाक्य समोरच्यालाही पाठ असल्यामुळे पुडी उघडायची गरज पडत नाही.

आणि हे आपल्याला अजिबात नवं नाही. पत्राच्या आरंभी 'सा.न.वि.वि.' लिहिणारे आपण, शेवटी 'ता.क.' जोडणारे आपण, बिलाच्या तळाशी 'चू.भू.द्या.घ्या.' छापणारेही आपणच. यातलं एकही शब्द वाचवायला निघालेलं नव्हतं. साष्टांग नमस्कार विनंती विशेष हे म्हणायचंच असतं, आणि ते म्हटलंय हे दोघांना ठाऊक असतं. तारेच्या शब्दांना पैसे पडत, तेव्हा टपालखात्याने शुभेच्छांची ठरीव वाक्यं करून त्यांना नंबर दिले होते, तीही याच जातीची युक्ती. शब्द चेपायचा नाही, अख्खं वाक्य एका खुणेत घालायचं.

१९९६ मध्ये मायबोली हे मराठी संकेतस्थळ सुरू झालं, पुढे मिसळपावसारखी ठिकाणं आली, आणि तिथे या जुन्या सवयीला नवा मोहर फुटला. हहपुवा म्हणजे हसून हसून पुरेवाट. पुलेशु म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. पुभाप्र, पुढील भागाच्या प्रतीक्षेत. वाखुसा, वाचनखूण साठवली. हेमाशेपो, हे माझं शेवटचं पोस्ट, जे लिहून झाल्यावर तोच इसम त्याच धाग्यावर आणखी सहा पोस्टी टाकतो.

इथे इंग्रजीपेक्षा वेगळं काहीतरी घडलं आणि मला तेच सगळ्यात जास्त आवडतं. इंग्रजी लघुरूप पहिलं अक्षर उचलतं आणि मग बहुतेक वेळा एकेक अक्षर सुटं वाचावं लागतं. देवनागरीत आपण अक्षर उचलतो ते त्याच्या काना-मात्रेसकट. पुढीलमधला 'पु', लेखनमधला 'ले', शुभेच्छांमधला 'शु'. जोडले की सरळ उच्चारता येणारा शब्द तयार! जुन्या पत्रांत मधे टिंबं होती, ती गळाली आणि तुकडे एकजीव झाले. मग त्याला व्याकरणही चिकटलं. "मी वाखुसा केली." "नुसतं पुलेशु काय देताय, काहीतरी बोला की." "तुझं ते हेमाशेपो कितव्यांदा?" एसएमएसमधल्या एन-एच-आयला असा प्रत्यय कधी लागला नाही. ते वाचताना मनात पुन्हा 'नाही'च होतं. ते लघुरूप कागदावरच राहतं, पुलेशु तोंडात येतं.

त्यामुळे दोन्ही ओळखायची माझी कसोटी अशी आहे, की परक्या माणसाला ते मोठ्याने वाचून कळतं का? एन-एच-आय कोणालाही संदर्भाने कळेल, कारण शब्द तोच आहे, त्याचे फक्त दात पाडलेत. पुलेशु मात्र कितीही वेळा मोठ्याने वाचा, काही उमगणार नाही. कोणाला तरी विचारावंच लागतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कोणाचं तरी आडनाव असावं असं वाटलं होतं. इतक्या लेखांखाली एकच पुलेशु कसा काय हजर, म्हणून भीतभीत विचारलं, तेव्हा पहिलं उत्तर आलं 'हहपुवा'. म्हणजे आणखी एक प्रश्न.

त्रासाचा प्रकारही यावरून ठरतो. काटछाट लिहिणाऱ्याचे दोन सेकंद वाचवते आणि ते वाचणाऱ्याकडून वसूल करते. एकट्या मित्राला पाठवलेल्या निरोपात हा सौदा चालतो, त्याला आपली सवय असते. चर्चेच्या ठिकाणी लिहिणारा एक आणि वाचणारे पाचशे, तिथे पाचशेजणांनी गाळलेले स्वर परत भरत बसायचे. जुने लोक चिडतात ते यामुळे, शुद्धलेखनाच्या सोवळ्यामुळे नाही, निदान सगळे तरी नाहीत. पुलेशु एकदा शिकावं लागतं आणि नंतर कोणाचाच वेळ खात नाही. पण त्याचा त्रास दुसरीकडून येतो. ते दाराशी उभं राहतं, 'आपला' आणि 'बाहेरचा' वेगळा करतं. काहीजण ते मुद्दाम करतात, हे कबूल करायला हवं. नव्या माणसाच्या साध्या प्रश्नाखाली सहा कोडी लिहून मजा बघणारे मी पाहिलेत.

आणि ते पोकळही होतं. एकीने आपल्या वडिलांच्या शेवटच्या दिवसांवर लिहिलं होतं. फार संयमाने, एकही विशेषण जास्त नाही. खाली तिसराच प्रतिसाद 'पुलेशु'. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसणार, हात आपोआप गेला असणार. पण पुढील लेखनास शुभेच्छा असं पूर्ण लिहायला घेतलं असतं, तर 'पुढील' या शब्दापाशी तो नक्की थांबला असता. लोलचं असंच झालं. जॉन मॅकव्हॉर्टर या भाषाशास्त्रज्ञाच्या म्हणण्यानुसार त्यातलं हसू कधीच उडालं, आता ते फक्त 'मी तुझ्याशी सौम्यपणे बोलतोय' एवढंच सुचवतं. हहपुवा लिहिणाऱ्या किती जणांची खरंच पुरेवाट झालेली असते, हे आपण जाणतोच.

दोन्हींच्या मधे लटकणारी रूपंही आहेत. 'धन्स' घ्या. त्यात धन्यवाद आहे आणि थँक्सही आहे. चेपलेला शब्द म्हणावा तर काटछाट, पण ते रुजलं चर्चेच्या जागी आणि त्याला तिथलाच वास आहे. 'लोल' देवनागरीत लिहिलं की वेगळीच गंमत होते. मराठीत तो आधीपासून शब्द आहेच, हेलकावणारा अशा अर्थाचा, लोलकातला. अशांची वर्गवारी करत बसू नये.

मुलांची भाषा बिघडली म्हणून ओरड करणाऱ्यांसाठी एक आकडा. कॅनडातल्या टोरांटोमध्ये सॅली टॅग्लियामाँटे आणि डेरेक डेनिस यांनी किशोरवयीन मुलांच्या संगणकावरच्या लेखी गप्पांचे दहा लाखांहून अधिक शब्द तपासले आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. लघुरूपं वगैरे मिळून प्रमाण ३ टक्क्यांहून कमी भरलं. आपल्याला ती जास्त वाटतात कारण ती डोळ्यांना टोचतात.

आता तर काटछाटीचं निमित्तच संपत आलंय. अक्षरमर्यादा कोणाच्या लक्षातही नाही, फोन पुढचा शब्द स्वतःच सुचवतो, आणि बोलून टाइप केलं तर 'नाही' अगदी काना-वेलांटीसकट उमटतं. पुलेशुला मात्र या सोयीचा काही उपयोग नाही. परवा एका लेखाखाली प्रतिसाद द्यायला मी फोनला स्पष्ट शब्दांत 'पुलेशु' असं सांगितलं. त्याने क्षणभर विचार केला आणि लिहिलं 'फुले शुभ'. मी ते तसंच पाठवून दिलं. लेखकाचं उत्तर आलं, "धन्स, फुलं पोचली."