लिंकनच्या एका सहीने सगळे गुलाम सुटले? नाही

१ जानेवारी १८६३ला अब्राहम लिंकनने मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली आणि अमेरिकेतली गुलामगिरी संपली, हे आपण शाळेतल्या भाषणांपासून ऐकत आलोय. मूळ कागद वाचला की वेगळंच चित्र दिसतं.

जाहीरनामा फक्त बंडखोर राज्यांपुरता, म्हणजे अमेरिकेतून फुटून यादवी युद्धात उतरलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांपुरता होता. केंटकी, मिसुरी, मेरीलँड, डेलावेअर या राज्यांत गुलामगिरी होती, पण ही राज्यं युद्धात लिंकनच्या बाजूने राहिली होती, म्हणून त्यांना हात लावला नाही. लुईझियानातले वगळलेले भाग तर नावानिशी दिलेत, अगदी न्यू ऑर्लिन्स शहरासकट. तिथे आधीच केंद्राचं सैन्य होतं. म्हणजे जिथे हुकूम लगेच चालला असता, नेमकं तेच बरेचसे भाग बाहेर!

यात निव्वळ लबाडी बघणंही चूक. लिंकनने सेनापती म्हणून युद्धकाळातला अधिकार वापरला होता. निष्ठावंत राज्यांतली गुलामगिरी नुसत्या हुकमाने मोडायची सोय राज्यघटनेत नव्हती. शिवाय याच कागदाने कृष्णवर्णीयांना सैन्याची दारं उघडली आणि सैन्य जसजसं पुढे सरकलं तसतशी माणसं खरोखर सुटत गेली. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला मुक्तीचा हुकूम जाहीर व्हायला १९ जून १८६५ उजाडला.

देशभर गुलामगिरी बंद केली ती तेराव्या घटनादुरुस्तीने, ६ डिसेंबर १८६५ला. तिच्यातही गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या कामाची पळवाट राहिली. लिंकन तोवर हयात नव्हता. आणि केंटकीने या दुरुस्तीला मंजुरी दिली थेट १९७६मध्ये.