जन्मानं उजवी की नंतर उजवी केलेली?

ब्रिटनमध्ये जुनी जॅग्वार ई-टाइप ही स्पोर्ट्स कार विकायला निघाली की गिऱ्हाईक रंग-इंजिनाच्या बरोबरीनं आणखी एक गोष्ट विचारतं: गाडी कारखान्यातूनच उजव्या स्टिअरिंगची निघाली, की स्टिअरिंग नंतर इकडे आणलं? काम नीट झालेलं असेल तर चालवताना काहीच कळत नाही. भावात मात्र चांगलाच फरक पडतो.

ई-टाइपच्या बाबतीत हा घोळ एवढा का, तर अमेरिकेमुळे. मार्च 1961 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली आणि 1974 पर्यंत सुमारे साडेबहात्तर हजार बनल्या. त्यांतल्या बहुसंख्य परदेशी गेल्या, आणि त्यातही सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका, म्हणजे डावं स्टिअरिंग. पुढे भाव चढले तशा या गाड्या जहाजानं माघारी येऊ लागल्या. यात एक गंमत आहे. कॅलिफोर्निया-ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत पत्रा टिकला, तर मायदेशी राहिलेल्या अस्सल उजव्या गाड्या पावसानं आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठानं सडल्या. त्यामुळे नंतर उजवी केलेली गाडी अंगानं धडधाकट आणि जन्माची उजवी मात्र निम्मी नव्या पत्र्याची, असंही पाहायला मिळतं. भाव तरी दुसरीलाच जास्त! मला स्वतःला हे पटत नाही, पण बाजार असाच आहे.

ओळखायचं कसं? स्टिअरिंगकडे बघूच नका, नंबर बघा. जॅग्वारनं दोन्ही बाजूंच्या गाड्यांना चॅसी नंबरांच्या वेगळ्या मालिका दिल्या होत्या. 1964 च्या अखेरीस आलेल्या 4.2 लिटरच्या पहिल्या सिरीजचंच घ्या. उघड्या टपाची उजवी गाडी 1ई1001 पासून सुरू होते आणि डावी 1ई10001 पासून. बंद टपाच्या कूपेत उजवी 1ई20001 पासून, डावी 1ई30001 पासून. म्हणजे उघड्या गाडीवर, समजा, 1ई1456 असेल तर ती जन्माची उजवी. 1ई14560 असेल आणि स्टिअरिंग उजवीकडे दिसत असेल, तर ते नंतर आलंय. एका आकड्याचा खेळ आहे, त्यामुळे चॅसी नंबरची प्लेट घाईत वाचू नये. शिवाय जुन्या नोंदींवरून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. गाडी कोणत्या बाजूची बनली आणि कुठे पाठवली, हे त्यात असतं.

आता प्रत्यक्ष काम. स्टिअरिंग व्हील उचलून पलीकडे लावलं की झालं, असं वाटणाऱ्यांसाठी सांगतो: ई-टाइपमध्ये रॅक, म्हणजे चाकं वळवणारी दातेरी पट्टी, बदलावा लागतो, कारण तिला सरकवणारा पिनियन, म्हणजे स्टिअरिंगकडचं दातेरी चक्र, दुसऱ्या टोकाला हवा. कॉलम (स्टिअरिंगचा दांडा), पेडल बॉक्स, ब्रेक आणि क्लचचे मास्टर सिलिंडर, त्यांचे पाइप, ॲक्सिलरेटरची लिंकेज, डॅशबोर्ड, सगळं हलतं. तरी हे काम सोप्यातच धरतात, कारण कारखान्यानं दोन्ही बाजूंच्या गाड्या बनवल्यामुळे उजवीकडचे सुटे भाग आजही विकत मिळतात. कारागिराला काही शोधून काढावं लागत नाही. चुकतं ते किरकोळीत. हेडलाइट राहून जातात. डाव्या गाडीचा डिपर उजवीकडे झुकतो, म्हणजे डावीकडून चालणाऱ्या देशात तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत. वायपरही तसेच राहतात आणि ड्रायव्हरच्या बाजूचा कोपरा पुसला जात नाही. ई-टाइपला पहिल्या दोन सिरीजमध्ये तीन वायपर असल्यानं तिथे हे कमी जाणवतं, दोन वायपरच्या गाड्यांत लगेच.

फोर्ड मस्टँगची गोष्ट अगदी वेगळी. 1964 पासून 2015 चं मॉडेल येईपर्यंत फोर्डनं तिचं उजवं स्टिअरिंग नेहमीच्या उत्पादनात कधी आणलंच नाही. त्यामुळे 1966 ची उजवी मस्टँग दिसली तर प्रश्न संपला, ती बदललेलीच आहे. विचारायचं ते एवढंच, की कुणी बदलली. साठच्या दशकात फोर्ड ऑस्ट्रेलियानं स्वतःच सुमारे दोनशे मस्टँग सिडनीत उजव्या करून विकल्या. कंपनीनं बदललेल्या म्हणून त्यांना आज मान आहे. बाकीच्यांत सगळे प्रकार सापडतात. सगळ्यात वाईट म्हणजे मूळ स्टिअरिंग बॉक्स डावीकडेच ठेवून डॅशबोर्डमागे आडवी साखळी टाकायची आणि उजवीकडचं चाक तिला जोडायचं, अगदी सायकलच्या चेनसारखं. साखळी सैल पडली की स्टिअरिंगला खेळ येतो. अशी गाडी फुकट मिळाली तरी मी घेणार नाही.

याच्या उलटही फसगत होते: अस्सल गाडी नकली वाटते. जनरल मोटर्सच्या कॅनडातल्या ओशावा कारखान्यातून उजव्या शेवरले इम्पाला निर्यात व्हायच्या, कित्येकदा सुट्या भागांच्या रूपात. या थोड्या गाड्यांसाठी दरवर्षी नवा डॅशबोर्ड बनवणं परवडण्यासारखं नव्हतं. म्हणून 1967 च्या उजव्या इम्पालात 1965 चाच डॅशबोर्ड बसवलेला असतो. अमेरिकन फोटो शेजारी ठेवून बघणारा म्हणणार, इथे कुणीतरी हात मारलाय. प्रत्यक्षात तो जुना डॅशबोर्ड हीच अस्सलपणाची खूण.

मुंबईकरांनी हे खास लक्षात ठेवावं. आजोबांची प्लिमथ किंवा डॉज उजव्या स्टिअरिंगची होती, म्हणजे ती इथे आणून बदललेली असणार, असं पुष्कळजण गृहीत धरतात. जनरल मोटर्सनं 1928 मध्ये शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. फोर्डही मुंबईत होतीच. स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याच्या प्रीमिअरमध्ये डॉज, डि सोटो, प्लिमथ जोडल्या जाऊ लागल्या. सुटे भाग येत तेच उजव्या स्टिअरिंगचे. त्या गाड्या जन्मानंच उजव्या आहेत.

आपल्याकडे आज एखाद्याकडे डावी जुनी गाडी असेल तर ती उजवी करावी का? करू नये, असं माझं मत. मोटार वाहन कायद्याचं कलम 120 डाव्या स्टिअरिंगला सरसकट बंदी घालत नाही. चालू स्थितीतला, नियमानुसारचा यांत्रिक किंवा विजेवरचा इशारादर्शक असला की ती रस्त्यावर आणता येते. दुसरीकडे कलम 52 मुळे गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. आणि 2021 च्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांत, पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात असावी, चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. कॉलमसाठी फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि बसायच्या जागेमधला पत्रा, कापायची वेळ आली तर ‘व्हीए’ मालिकेची नंबरप्लेट मागायला जाताना उत्तर तयार ठेवावं लागेल. डावीच ठेवली तर अडचण मुख्यतः एकच, ओव्हरटेक करताना पुढचं दिसत नाही. दुपदरी घाटात शेजारच्या सीटवर समजूतदार माणूस बसवायचा आणि तो ‘काढ’ म्हणेपर्यंत ट्रकच्या मागे थांबायचं.