बूट सेक्टर विषाणू

हार्ड डिस्कच्या बूट नोंदीत (संगणक सुरू होताना सर्वांत आधी वाचल्या जाणाऱ्या भागात) ठाण मांडणारा आणि नेहमीच्या फॉरमॅटनंतरही टिकू शकणारा संगणक विषाणू. फॉरमॅट केले की डिस्क कोरी होते, ही समजूत सर्रास आढळते; या विषाणूंपुरती ती धोक्याची आहे.

डिस्कचा पहिला सेक्टर (साठवणुकीचा छोटा कप्पा) म्हणजे मास्टर बूट रेकॉर्ड (एमबीआर). त्याच्या ५१२ बाइटांपैकी ४४६ सुरुवातीच्या प्रोग्रामला, ६४ पार्टिशन (सी, डी ड्राइव्हसारखे डिस्कचे विभाग) तक्त्याला आणि २ ओळखखुणेला असतात. फॉरमॅटची आज्ञा एका पार्टिशनपुरती चालते आणि एमबीआर कोणत्याच पार्टिशनमध्ये मोडत नाही. त्यामुळे डॉस या जुन्या कार्यप्रणालीत सी ड्राइव्ह कितीही वेळा फॉरमॅट केला तरी या सेक्टरला धक्का लागत नसे. पहिल्या ट्रॅकवरील (डिस्कवरील वर्तुळाकार पट्ट्यावरील) बाकीचे सेक्टरही सहसा रिकामे पडून असत. ‘स्टोन्ड’ या विषाणूने नेमका याचा फायदा घेतला. तो मूळ एमबीआर सातव्या सेक्टरात हलवून स्वतः पहिल्या जागी बसतो. संगणक सुरू होताच तो आधी मेमरीत शिरतो आणि मग मूळ प्रोग्रामला वाट देतो, त्यामुळे वापरणाऱ्याला काहीच वावगे वाटत नाही. ६ मार्चला डिस्कवरील माहितीची नासधूस करणारा ‘मायकेलँजेलो’ (१९९१) याच घराण्यातला.

या प्रकाराच्या आरंभाबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक ॲपल टू संगणकावरील ‘एल्क क्लोनर’ला (१९८२) पहिला मान देतात, तर आयबीएम पीसीपुरता विचार करणारे लाहोरच्या ‘ब्रेन’ला (१९८६). मात्र ब्रेन ३६० केबीच्या फ्लॉपीपुरताच होता, हार्ड डिस्कच्या वाटेला तो जात नसे. म्हणून प्रस्तुत संदर्भात स्टोन्डपासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. तो न्यूझीलंडमधील वेलिंग्टनचा, हे बहुतेकांना मान्य आहे. काळ मात्र कोणी १९८७, तर कोणी १९८८ चा आरंभ असा देतात.

एमएस-डॉस ५ पासून ‘एफडिस्क’ या पार्टिशन पाडणाऱ्या आज्ञेला एमबीआर हा पर्याय जोडून तेवढाच प्रोग्राम नव्याने लिहिता येऊ लागला. हा उपाय सरसकट वापरणे इष्ट नव्हते: ‘मंकी’ या विषाणूने पार्टिशन तक्ता सांकेतिक रूपात दुसरीकडे ठेवलेला असे, आणि विषाणू पुसला की डिस्कच दिसेनाशी होई. पहिल्या ट्रॅकसह सगळी डिस्क शून्यांनी भरणे हा खात्रीचा मार्ग. त्यात माहिती अर्थातच जाते.

फर्मवेअरमधील (यंत्राच्या चिपमध्येच साठवलेल्या प्रोग्राममधील) विषाणूंपुढे तोही अपुरा. ‘मेब्रोमी’ (२०११) बायॉस या संगणक सुरू करणाऱ्या फर्मवेअरमध्ये, तर ईसेट या सुरक्षा कंपनीने २०१८ मध्ये उघड केलेला ‘लोजॅक्स’ मदरबोर्डवरील यूईएफआय (बायॉसची नवी जागा घेणारे फर्मवेअर) चिपमध्ये राहतो, म्हणजे डिस्क बदलली तरी तो शिल्लक उरतो. हार्ड डिस्कच्याच फर्मवेअरमध्ये शिरणारी साधने कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने २०१५ मध्ये नोंदवली. अशी उदाहरणे विरळ आहेत.

फाइलींना लागणारे साधे विषाणू त्या पार्टिशनच्या फॉरमॅटमध्ये जातात. ते पुन्हा दिसले तर बॅकअप, पेनड्राइव्ह किंवा फॉरमॅट न केलेला डी ड्राइव्ह आधी तपासावा.