माकड नेमकं कुठल्या काठाचं?

ॲमेझॉनच्या खोऱ्यात चार वर्षं काढून इंग्रज निसर्ग-अभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५२ मध्ये इंग्लंडला परतला. वाटेत जहाजाला आग लागली, जमवलेले बहुतेक नमुने गेले. तरी त्याच वर्षी त्याने लंडनमध्ये तिथल्या माकडांवर निबंध वाचला. त्यात एक तक्रार होती: संग्रहालयातल्या नमुन्यांच्या चिठ्ठीवर नुसतं ‘ॲमेझॉन’ लिहितात, नदीचा काठ कुठला ते लिहीत नाहीत. खरी मेख तिथेच होती. ॲमेझॉन, रिओ निग्रो, मदेइरा या नद्यांच्या अल्याड एक जात, तर पल्याड दुसरी. शिकाऱ्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. हवं ते जनावर मिळवायला ते सरळ नदी पार करत. उगमाकडे पात्र अरुंद होतं, तिथे ही सीमाही पुसट होते.

ताटातूट झाली की एका जातीच्या दोन होतात, हे पुढे सर्वमान्य झालं. पण ताटातूट केली कोणी? युर्गेन हाफर हा तेल कंपनीतला जर्मन भूवैज्ञानिक, त्याला नाद पक्ष्यांचा. १९६९ मध्ये त्याने मांडलं, की हिमयुगात हवा कोरडी पडून जंगलाची बेटं झाली आणि त्या बेटांवर पक्षी वेगळे होत गेले. कल्पना इतकी पटली, की ब्राझीलमध्ये राखीव क्षेत्रं कुठे असावीत याची आखणीही सत्तरच्या दशकात या बेटांवरून होऊ लागली. मग १९९० मध्ये लक्षात आलं, की वनस्पतींच्या बाबतीत ही जास्त जाती आढळणारी ‘समृद्ध बेटं’ म्हणजे बरीचशी अभ्यासक जास्त फिरले ती ठिकाणं! पुढे तळ्यातल्या गाळात साठलेले हिमयुगातले परागकणही निदान काही भागांत जंगल मोडलंच नव्हतं असं सांगू लागले.

१९९७ मध्ये टॉम स्मिथ आणि सहकाऱ्यांनी कॅमेरूनमधून वेगळंच दाखवलं. बुलबुलाच्या कुळातला एक साधासा हिरवट पक्षी दाट जंगलात राहतो, तसा जंगल संपून गवत सुरू होतं त्या पट्ट्यातही. पट्ट्यातल्या पक्ष्यांचे पंख लांब. दोघांची सरमिसळ चालू असूनही हा फरक टिकून आहे. वेगळी जात अजून झालेली नाही, पण वाट तीच दिसते.

अभयारण्य आखताना मात्र दाट गाभ्यावर बोट ठेवलं जातं आणि कडेचा पट्टा शेती, गुरं, वणवे यांच्या वाट्याला जातो. नदीचंही तसंच. नकाशावर ती आयती हद्द दिसते, म्हणून उद्यान तिच्यापाशी थांबवलं, की पलीकडच्या काठाची माकडं बाहेरच राहतात.