चार घरांचा तक्ता

शाहू महाराजांच्या आरक्षणाचा विषय निघाला की कोल्हापुरात काही आकडे हमखास ऐकू येतात. महाराज गादीवर आले त्या १८९४ साली दरबाराच्या सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० ब्राह्मण अधिकाऱ्यांकडे होत्या. १९१२ मध्ये ९५ पैकी ३५. ऐकताना आपण मान डोलावतो आणि पुढे जातो. हेच आकडे चार घरांत मांडून पाहा: वरच्या ओळीत १८९४ चे ६० ब्राह्मण आणि ११ इतर, खालच्या ओळीत १९१२ चे ३५ आणि ६०. टक्केवारी आडवी काढायची, कारण प्रश्न 'त्या वर्षी जागा कोणाकडे होत्या' असा आहे. ८४.५ वरून ३६.८.

अशा तक्त्याचं गणित त्याच काळात इंग्लंडमध्ये घडत होतं. १९०० मध्ये संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने काय-स्क्वेअर चाचणी मांडली, म्हणजे तक्त्यातला फरक निव्वळ योगायोगाने पडला असेल का ते तपासायची रीत. त्याच वर्षी उडनी यूल या दुसऱ्या संख्याशास्त्रज्ञाने दोन गुणांच्या साहचर्याचं, म्हणजे ते एकमेकांशी किती जोडलेले आहेत याचं, माप दिलं. कोल्हापुरात पन्नास टक्के जागा मागास वर्गांसाठी राखण्याचा आदेश निघाला २६ जुलै १९०२ ला. महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी इंग्लंडातच होते, हा निव्वळ योगायोग.

पुढे पिअर्सन आणि यूल यांचं चांगलंच बिनसलं. अशा वर्गांच्या मागे सलग बदलणारं एखादं माप दडलेलं असतं, असं पिअर्सनला वाटे. देवीच्या साथीत मेलेले सगळे सारखेच मेलेले, तिथे कमी-जास्त काय मोजणार, असं यूलचं उत्तर. मला यूल पटतो. जागा एकतर मिळते, नाहीतर नाही.

पिअर्सनची एक चूक १९२२ मध्ये रोनाल्ड फिशरने दाखवली. बेरजा ठरलेल्या असल्या की चारपैकी एकच घर मोकळं राहतं, म्हणून स्वातंत्र्याची मात्रा (मोकळ्या घरांची संख्या) ३ नव्हे, १. आपल्या तक्त्यावर काय-स्क्वेअर सुमारे ३७.७ येतो, आणि पाच टक्क्यांची सीमा ३.८४ आहे; म्हणजे निव्वळ योगायोगाने याहून मोठा आकडा शंभरात पाचदाच येतो. फरक का पडला ते मात्र हा आकडा सांगत नाही. त्यासाठी १९०२ चा आदेशच वाचावा लागतो.

वेगळे गट एकत्र केले की चित्र बदलतं, हे यूलने १९०३ मध्ये दाखवलं होतं. नाव मात्र पुढे १९५१ मध्ये लिहिणाऱ्या सिम्पसनचं लागलं: सिम्पसनचा विरोधाभास. १८९४ चंच घ्या. कारकुनीच्या ५०० जागांत ब्राह्मणेतर फक्त १० होते, म्हणजे ९८ टक्के जागा ब्राह्मणांकडे. अधिकाऱ्यांचे ७१ त्यात मिसळले की ९६.३ हा एकच आकडा उरतो, आणि ब्राह्मणेतरांसाठी कारकुनीचं दार अधिकारीपदापेक्षाही घट्ट बंद होतं, हे त्यात दिसत नाही.