टॉर्शन बारची उंची जुळवणी

टॉर्शन बार म्हणजे पिळाच्या जोरावर स्प्रिंगचे काम करणारी पोलादी सळई. तिचे एक टोक पुढच्या चाकाच्या आर्ममध्ये, म्हणजे चाक चासीला जोडणाऱ्या हलत्या दांड्यात (काही गाड्यांत वरच्या, काहींत खालच्या), दात्यांनी बसते. दुसरे टोक चासीच्या आडव्या बीमपाशी अँकर आर्ममध्ये अडकते, आणि तो आर्म एका लांब बोल्टवर टेकलेला असतो. बोल्ट आवळला की गाडीचे तोंड वर येते, सैल केला की खाली जाते.

कोकणातल्या मालट्रकांना पुढेही पाटेच (लीफ स्प्रिंग) असतात. टॉर्शन बार भेटतो तो अँबॅसिडरला आणि वडापसाठी (शेअर प्रवासी वाहतूक) व सामानासाठी राबलेल्या क्वालिस (२०००), टवेरा (२००४) या गाड्यांना. पुढून बसलेली अशी गाडी दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीवर चढताना ओळखू येते: रॅम्प जिथे वळतो तिथे बंपर खरवडतो.

बोल्ट आवळल्याने बार कडक होतो ही समजूत चुकीची आहे. कडकपणा ठरतो व्यास आणि लांबीवर. तो व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २४ मिमीऐवजी २६ मिमीचा बार घातला तर सुमारे ३८ टक्के फरक पडतो. बोल्टने फक्त उंची बदलते. तरीही गाडी आदळते, कारण उंची वाढवली की चाकाला खाली सुटायला जागा उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्यात आर्म खालच्या रबरी स्टॉपरवर ‘खट’ करून आपटतो.

म्हणून पाना हातात घेण्याआधी गाडी का बसली ते पाहावे. आर्मचे बुश (सांध्यातले रबर) फाटले, मागचा एका बाजूचा पाटा तुटला (मग समोरचा त्याच बाजूचा कोपराही खाली दिसतो) किंवा टायरमध्ये हवा कमी असली, तर बोल्ट फिरवणे ही निव्वळ मलमपट्टी. शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) गळका असला तर गाडी उड्या मारते, पण त्याने उंची फारशी जात नाही.

मोजमाप सपाट काँक्रीटवर करावे. उताराचे अंगण चालत नाही. हवा सारखी भरून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्हीकडे मोजावे. जमिनीपासून मोजले तर टायरची झीजही त्यात धरली जाते. डाव्या-उजव्यात १० मिमीपर्यंतचा फरक चालवून घेता येतो.

खरा वेळ खातो तो गंज. खारी हवा आणि ३,००० मिमीच्या आसपासचा पाऊस यांमुळे बीमच्या खोबणीत तांबडी माती साचून बोल्ट जाम होतो. आदल्या रात्री आटे तारेच्या ब्रशने साफ करून गंज सोडवणारे तेल मारावे. गॅसची ज्योत बारजवळ नेऊ नये; तापल्यावर पोलादाचा उष्णोपचार बिघडतो. बारवर छिन्नीचा ओरखडा किंवा गंजाचा खड्डा असेल तर तडा तिथूनच सुरू होतो आणि बार तुटला की ती बाजू एकदम वरच्या स्टॉपरवर बसते.

बोल्टचे किती आटे बाहेर आहेत ते मोजून लिहून ठेवावे. चासीखाली जॅक लावून चाके अधांतरी करावीत, घोड्या (आधाराचे स्टँड) लावाव्यात, चेकनट (बोल्ट जागेवर धरणारा नट) सैल करावा. भाराखाली बोल्ट फिरवला तर आटे जातात. प्रत्येक बाजूला दोन फेरे देऊन गाडी खाली घ्यावी आणि थोडी पुढे-मागे चालवावी, कारण जॅकवरून उतरलेली चाके तिरपी फाकून राहतात आणि उंची खोटी दिसते. मगच पुन्हा मोजावे. एका फेऱ्याला किती मिलिमीटर पडतात ते त्या गाडीपुरते यातूनच कळते. दोन्ही बाजूंचे आर्म जोडणाऱ्या अँटीरोल बारमुळे एक बाजू उचलली की दुसरीही थोडी हलते, म्हणून आलटून-पालटून फिरवावे. शेवटी चेकनट आवळून आट्यांना ग्रीस भरावे.

कंपनीच्या उंचीपेक्षा फार वर नेऊ नये. आंबा किंवा करूळ घाट चढणाऱ्या गाडीला ‘जरा उंच बरी’ असे म्हणत ती वाढवतात, पण बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांमधले गोल सांधे) तिरपे राहून लवकर झिजतात. उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकांची तोंडे आत-बाहेर वळलेली असणे) दोन्ही बदलतात. व्हील अलाइनमेंट टाळली तर टायरची एक कड खाल्ली जाते. हेडलाइटचा झोतही पुन्हा लावावा लागतो.

बार बदलायचा झाल्यास बोल्ट आधी पूर्ण सैल करावा, नाहीतर उरलेल्या पिळामुळे अँकर आर्म झटक्याने सुटतो. डावा-उजवा बार अदलाबदल करू नये: कारखान्यात प्रत्येकाला आपापल्या बाजूच्या एकाच दिशेने पीळ देऊन ठेवलेला असतो, उलट बसवलेला बार लवकर बसतो किंवा तुटतो. टोकावर डाव्या-उजव्याची खूण असते, पण ती बहुतेक वेळा गंजाखाली गेलेली सापडते. म्हणून काढण्याआधीच रंगाने नवी खूण करावी.